फॉर्म न भरणारी मुलं

महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनाची वेळ आली की तिथल्या विद्यार्थ्यांच्या ईमेलवर एक प्रश्नावली येते. तिचं नाव विद्यार्थी समाधान सर्वेक्षण. २०१७ मध्ये नॅकनं मूल्यांकनाची चौकट बदलली तेव्हापासून हे सर्वेक्षण तिचा भाग आहे. त्यात पर्यायी उत्तरांचे २० प्रश्न असतात. २१ वा खुला असतो आणि त्यात सुधारणेसाठी तीन निरीक्षणं किंवा सूचना लिहायच्या असतात. अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, किती टक्के शिक्षक प्रोजेक्टरसारखी साधनं वापरतात, अशी विचारणा केलेली असते. सगळ्या विद्यार्थ्यांची उत्तरं यावीत अशी अट नाही. ठरावीक किमान संख्या भरली की काम होतं.

ऑनलाइन शिकवणं मुलांना आवडतं की वर्गातलं, हा वाद गेली पाच-सहा वर्षं आपल्याकडे चालू आहे आणि तो बहुतेक वेळा अशाच प्रश्नावल्यांच्या आधारे लढवला जातो. टाळेबंदीच्या काळात महाविद्यालयांनी, विद्यापीठांनी, प्राध्यापकांनी आपापले गुगल फॉर्म पाठवले. त्यांचे निष्कर्ष शोधनिबंधांत आले, कार्यशाळांत वाचले गेले. कुठे ऑनलाइनला पसंती निघाली, कुठे वर्गाला. या निष्कर्षांकडे पाहताना मला एक प्रश्न सारखा पडतो. फॉर्म ऑनलाइन पाठवला, तर ज्याच्याकडे नेट नव्हतं त्यानं तो कुठे भरला? आणि जो डिसेंबरमध्येच शिक्षण सोडून गेला, त्याचं मत कुठल्या रकान्यात गेलं?

मार्च २०२० च्या मध्यावर राज्यातली महाविद्यालयं बंद झाली. १५ फेब्रुवारी २०२१ ला ती निम्म्या उपस्थितीनं उघडली, पण दुसरी लाट येताच पुन्हा मिटली. २० ऑक्टोबर २०२१ पासून वर्ग परत भरू लागले, तरी जानेवारीत काही आठवडे पुन्हा कुलूप लागलंच. २०२० मध्ये प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्या कित्येक मुलांनी आपलं महाविद्यालय नीट पाहिलं ते दुसऱ्या वर्षाला आल्यावर. त्याआधी त्यांच्यासाठी महाविद्यालय म्हणजे मोबाइलवर रोज सकाळी येणारी एक लिंक होती.

ती लिंक उघडण्याची तयारी देशात किती होती, हे आधीच मोजून झालेलं होतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झाली. तिच्यानुसार देशातल्या ग्रामीण भागात संगणक असलेली घरं होती ४.४ टक्के, शहरी भागात २३.४ टक्के. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के घरांत आणि शहरांत ४२ टक्के घरांत होती. या आकड्यांवर सगळं उच्च शिक्षण एका आठवड्यात उभं करायचं होतं. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता हे मान्यच आहे. पण त्या काळातल्या अनुभवाला ‘ऑनलाइन शिक्षण’ हे एकच नाव देऊन त्यावरून कायमचे निष्कर्ष काढणं मला अन्यायाचं वाटतं.

कारण प्रत्यक्षात जे घडत होतं ते घराघरांत वेगळं होतं. घरात एकच स्मार्टफोन आणि तो वडिलांबरोबर कामावर जाणारा. दोन भावंडांचे तास एकाच वेळी. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रेंजसाठी टेकडीवर जाऊन, झाडाखाली नाहीतर तात्पुरत्या खोपटात बसून शिकणाऱ्या मुलामुलींच्या बातम्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या. ज्या घरात रेंज होती तिथे जागा नव्हती. कॅमेरा बंद का, असं प्राध्यापक विचारत. कॅमेरा चालू केला तर मागे स्वयंपाकाचा ओटा दिसायचा, आजारी आजोबा दिसायचे, पत्र्याची भिंत दिसायची. अठरा वर्षांच्या मुलाला ते पन्नास वर्गमित्रांना दाखवायचं नसतं. पडद्यावर मग नावांचे चौकोन उरत आणि प्राध्यापक त्या चौकोनांना विचारत राहत, ‘आवाज येतोय का?’

मुलींसाठी घरी असणं म्हणजे घरात उपलब्ध असणं होतं. मुलगी महाविद्यालयात गेली की चार-पाच तास तिला कुणी हाक मारत नाही. तास घरातूनच सुरू असेल तर ती हाक दर दहा मिनिटांनी येते. भाकऱ्या, धाकटं भावंड, पाण्याची वेळ. कानात इअरफोन घालून ती तास ऐकत असते, म्हणजे हात मोकळेच आहेत, असा घरच्यांचा सरळ हिशेब असतो. महाविद्यालयाची इमारत, एसटीचा पास, मैत्रिणींबरोबरचा प्रवास, यांनी तिला दिवसाचा एक तुकडा स्वतःसाठी मिळवून दिलेला असतो. तिच्या असमाधानात शिकवण्याच्या पद्धतीचा भाग किती आणि हा तुकडा गेल्याचा भाग किती, हे कुठलीही पाच पर्यायांची मोजपट्टी वेगळं करू शकत नाही.

प्रात्यक्षिकांबद्दल फार बोलायची गरज नाही. टायट्रेशन व्हिडिओत पाहता येतं, पण त्यानं हाताला अंदाज येत नाही. पॉलिटेक्निक, परिचर्या, कृषी, पशुवैद्यक या शाखांतल्या मुलांची तक्रार सर्वत्र सारखी होती आणि ती खरी होती.

त्याच काळात परीक्षांचा प्रश्न न्यायालयात गेला. अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेता निकाल लावावा असं राज्य सरकारचं म्हणणं होतं, विद्यापीठ अनुदान आयोगाचा आग्रह परीक्षा घेण्याचा होता. २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राज्यं परीक्षा पुढे ढकलण्यासाठी मुदत मागू शकतात, पण परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. मग बहुपर्यायी ऑनलाइन परीक्षा झाल्या, गुणांचे आकडे चढले आणि त्या तुकडीच्या कपाळावर ‘कोविड बॅच’ हा शिक्का बसला. नोकरीच्या मुलाखतीत त्यावरून टोमणे ऐकलेली मुलं आज पंचविशीत आहेत. त्यांना त्या शिक्षणाबद्दल समाधान होतं का, हे विचारताना त्या शिक्क्याचं ओझंही त्यांच्या उत्तरात येणारच.

तरीही याच काळात खूश असलेली मुलं होती आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही.

विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षाला मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलाचा विचार करा. दहावीपर्यंत तो प्रकाशाचं अपवर्तन मराठीत शिकलेला असतो. आता तेच प्रकरण इंग्रजीत, भरधाव, दीडशे मुलांच्या वर्गात. एक वाक्य निसटलं की पुढची दहा निसटतात, आणि हात वर करून ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणण्याइतका धीर त्याच्यात नसतो. ध्वनिमुद्रित तास त्याला पहिल्यांदा ही मुभा देतो की थांबव, मागे जा, शब्द लिहून घे, पुन्हा ऐक. कुणालाही न विचारता, कुणी न हसता. अशा मुलांनी ध्वनिमुद्रणाला मनापासून चांगले गुण दिले असतील तर त्यात नवल नाही.

पण याच मुलाची दुसरी बाजूही आहे. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांत चांगला शिक्षक इंग्रजीत व्याख्या सांगतो, फळ्याकडून वळतो आणि वर्गाकडे बघतो. चेहरे कोरे दिसले की तीच गोष्ट मराठीत, गावाकडचं उदाहरण घेऊन पुन्हा समजावतो. हे तो ठरवून करत नाही. समोरचा चेहरा त्याच्याकडून ते करवून घेतो. कॅमेरे बंद असलेल्या तासात हा इशाराच मिळत नाही, म्हणून शिक्षक इंग्रजीतच पुढे जात राहतो. ध्वनिमुद्रणानं त्या मुलाला पुन्हा ऐकण्याची सोय दिली, पण आपल्याला कळलेलं नाही हे न बोलता सांगण्याची सोय काढून घेतली. दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असतील, तर तो पाचपैकी किती गुण देणार?

आणखी एक गट होता. वाणिज्य आणि कला शाखेतली अशी अनेक मुलं, जी टाळेबंदीच्या आधीही वर्गात बसत नव्हती. कुणी कुरिअर पोचवायचं काम करत होतं, कुणी दुकानात बसत होतं, कुणी पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहून अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करत होतं. पदवीचं महाविद्यालय त्यांच्यासाठी परीक्षेच्या अर्जापुरतं होतं. त्यांच्या महाविद्यालयांत कायमची पदं रिकामी आणि शिकवणारे तासिका तत्त्वावरचे, म्हणजे जितके तास तितकं मानधन, तेही महिनोन् महिने उशिरा. असा शिक्षक दोन-तीन महाविद्यालयांत धावतो. तास संपल्यावर मुलांशी बोलायला तो थांबणार कसा? अशा ठिकाणी ‘प्रत्यक्ष वर्ग’ हा पर्याय कागदावरच होता. तिथल्या मुलानं ऑनलाइनला पसंती दिली तर त्याचा अर्थ इतकाच की आधी जवळजवळ काही मिळत नव्हतं आणि आता निदान लिंक तरी मिळते.

ब्रिटनकडे वळतो, कारण तिथे या प्रश्नाची सलग नोंद आहे. अंतिम वर्षाच्या पदवी विद्यार्थ्यांची ‘नॅशनल स्टुडंट सर्व्हे’ ही पाहणी तिथे २००५ पासून दरवर्षी होते आणि लाखो विद्यार्थी तिला उत्तर देतात. एकंदर अभ्यासक्रमाबद्दल समाधानी असलेल्यांचं प्रमाण २०२० मध्ये ८३ टक्के होतं. २०२१ मध्ये ते ७५ वर उतरलं आणि २०२२ मध्ये ७६ वर राहिलं. वर्षानुवर्षं एखाद-दोन टक्क्यांनी हलणारा आकडा एका वर्षात आठ टक्क्यांनी खाली आला. इंग्लंडमधल्या स्थानिक विद्यार्थ्यांची वार्षिक फी तेव्हा ९,२५० पौंड होती आणि ती परत मागणाऱ्या याचिकांवर लाखो सह्या झाल्या. परदेशी विद्यार्थ्यांची फी त्याहून कितीतरी जास्त. त्यात आपलीही मुलं होती. एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीसाठी कर्ज काढून प्रवेश घ्यायचा आणि पहिलं सत्र पुण्या-नाशकातल्या घरी, वेळेच्या फरकामुळे संध्याकाळी-रात्री, लॅपटॉपसमोर काढायचं, असं अनेकांच्या वाट्याला आलं.

याच पाहणीत एक दुसरी नोंद आहे आणि ती मला जास्त बोलकी वाटते. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी हे दूरस्थ शिक्षणाचं विद्यापीठ. १९६९ मध्ये स्थापन झालं, पहिले विद्यार्थी जानेवारी १९७१ मध्ये शिकू लागले. तिथे वर्ग रोज भरत नाहीत. तरीही ही पाहणी सुरू झाल्यानंतरची कित्येक वर्षं ते समाधानाच्या यादीत देशातल्या सर्वांत वरच्या विद्यापीठांत होतं. दूर बसून शिकणारी मुलं-माणसं नाराजच असतात असं असतं तर हे झालं नसतं. तिथे विद्यार्थी बहुतेक प्रौढ, नोकरी किंवा घर सांभाळणारे आणि स्वतः हा मार्ग निवडून आलेले. अभ्याससाहित्य एकट्यानं वाचायचं आहे हे धरूनच लिहिलेलं. आणि प्रत्येकाला एक ट्यूटर, जो त्याचा निबंध वाचून समासात सविस्तर शेरे लिहून परत पाठवतो. २०२०-२१ मध्ये जगभरच्या मुलांना पडदा मिळाला, पण या तिन्हींपैकी बहुधा काहीच मिळालं नाही.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ ला नाशिकला स्थापन झालं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन या विद्यापीठानं मराठीत पाठ्यपुस्तकं लिहून घेतली, गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रं काढली, बारावी न झालेल्यांना पदवीकडे जाता यावं म्हणून पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला. सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या संपर्कसत्रांना पोलीस शिपाई येतात, अंगणवाडी सेविका येतात, लग्नानंतर वीस वर्षांनी पुस्तक हातात घेणाऱ्या बायका येतात. अशा बाईला रोज सकाळी अकराच्या वर्गात बसा म्हणणं म्हणजे तिला शिकू नका म्हणणंच आहे. तिचं समाधान मी कुठल्याही निवासी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याच्या समाधानाइतकंच मोलाचं मानतो. मुक्त विद्यापीठातही साहित्य उशिरा पोचणं, नुसत्या परीक्षेपुरतं उरलेलं केंद्र, असे दोष आहेत. पण त्या दोषांवरचा उपाय अधिक माणसं नेमणं हा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदवीच्या बरोबरीच्या मानल्या जातील असं स्पष्ट केलं, तेही योग्यच झालं.

आता मूळ प्रश्नावर येतो. मूल समाधानी असलं म्हणजे ते शिकलं, असं म्हणता येतं का?

२०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या प्रास्ताविक वर्गांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला कसलेल्या वक्त्याचं ओघवतं व्याख्यान, दुसऱ्याला तोच मजकूर पण आधी गटात बसून स्वतः गणितं सोडवायची, मग उत्तर. पुढे गटांची अदलाबदल. चाचणीत स्वतः झगडलेली मुलं पुढे होती. पण ‘मला किती शिकायला मिळालं असं वाटतं’ या प्रश्नावर त्यांनीच कमी गुण दिले. व्याख्यान सोपं वाटतं, म्हणून समजल्यासारखं वाटतं. झगडताना आपलं अज्ञान दिसतं आणि ते सुखाचं नसतं. ही गोष्ट प्रत्यक्ष वर्गातच घडली, पडद्याचा तिथे संबंध नव्हता. दीडपट वेगानं व्हिडिओ पाहून ‘झालं एक युनिट’ म्हणणाऱ्या मुलाबद्दल मला म्हणूनच जास्त काळजी वाटते. तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच झाल्यासारखं वाटतं.

शिकण्याबद्दलचा सर्वांत स्वच्छ पुरावा अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतून आला. २०२० च्या शरद ऋतूतल्या सत्रात तिथे अर्थशास्त्राच्या प्रास्ताविक विषयाचे ५५१ विद्यार्थी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. एक गट वर्गात, दुसरा ऑनलाइन. शिक्षक तेच. सगळे त्याच आवारात राहणारे, सगळ्यांकडे संगणक आणि नेट, शिस्त तर लष्करीच. म्हणजे आपण ऑनलाइनच्या अपयशाला जी कारणं देतो ती इथे नव्हती. तरी ऑनलाइन गटाचा निकाल प्रमाण विचलनाच्या साधारण एक पंचमांशानं खाली राहिला. हे नुकसान सर्वांना सारखं झालं नाही. आधीच अभ्यासात मागे असलेल्यांना ते जास्त झालं. लक्ष लागत नाही, शिक्षकांशी आणि सोबत्यांशी नातं जुळत नाही, असं या गटानं सांगितलं. त्याआधी, २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच एका मोठ्या विद्यापीठातल्या अशाच प्रयोगाचे निष्कर्ष आले होते. एकच व्याख्यान काहींनी सभागृहात ऐकलं, काहींनी इंटरनेटवर. तिथे फरक लहान होता, पण कमी गुणांच्या विद्यार्थ्यांत तो वाढत होता. अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २००९ मध्ये केलेल्या एकत्रित अभ्यासात वर्ग आणि ऑनलाइन यांचा मेळ घालणाऱ्या पद्धती सरस ठरल्या होत्या हेही सांगायला हवं. मात्र त्याच अहवालात ही नोंद होती की अशा अभ्यासक्रमांत मुलांना बहुधा वेळ आणि साहित्यही जास्त मिळालेलं होतं.

या सगळ्यातून मला जे दिसतं ते असं. हुशार, शिस्तीचं, घरी स्वतःची खोली असलेलं मूल दोन्हीकडे तरतं. प्रौढ, ठरवून आलेला विद्यार्थी नीट रचलेल्या दूरस्थ शिक्षणात फुलतो. आणि पहिल्या पिढीतलं, मागे पडलेलं, अठरा-एकोणीस वर्षांचं मूल, ज्याला कुणीतरी ‘काल का आला नाहीस?’ असं विचारण्याची गरज असते, ते पडद्यावरून गळतं. गळताना आवाज करत नाही, तक्रार नोंदवत नाही. मोठ्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचं हेच झालं. एमआयटी आणि हार्वर्डच्या अशा अभ्यासक्रमांत २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी पूर्ण करणारे सुमारे तीन टक्के होते. शेवटपर्यंत पोचलेल्यांना विचारलं तर ते समाधानीच असतात. समाधानाची सरासरी त्यामुळे वर राहते आणि सोडून गेलेल्यांचा तिच्यावर काहीच परिणाम होत नाही.

हा प्रश्न कोविडबरोबर संपला असता तर मी इतकं लिहिलं नसतं. ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचं व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. २०२१ पासून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून करण्याची मुभा विद्यापीठांना आहे. त्यावर आणि एनपीटीईएल या दुसऱ्या व्यासपीठावर आयआयटीतल्या शिक्षकांची उत्तम व्याख्यानं आहेत. लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला ती फुकट ऐकायला मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. आयआयटी मद्रासनं २०२० मध्ये सुरू केलेली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी तर मला नमुना म्हणून पाहावीशी वाटते. प्रवेशासाठी आधी चार आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम करायचा, दर आठवड्याला स्वाध्याय द्यायचा, मग परीक्षा. परीक्षा केंद्रावर जाऊन, समोर पर्यवेक्षक असताना. मूल या पद्धतीत टिकेल का, हे आत घेण्याआधीच त्याला स्वतःला कळतं.

माझी भीती वेगळी आहे. राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांची हजारो पदं रिकामी आहेत. ज्या विषयाला शिक्षक नाही, तो विषय ‘स्वयम्’वर ढकलणं हा सोपा मार्ग कुणालाही सुचेल. कागदावर ती मुलांची निवड दिसेल. खरं तर तिथे निवडच नसेल. नंतर सर्वेक्षण होईल, जी मुलं स्वतःच्या बळावर शिकली ती चांगले गुण देतील आणि पद रिकामंच ठेवायला आधार मिळेल.

‘स्वयम्’च्या नियमांतच एक तरतूद आहे, जिच्याकडे फार थोड्या महाविद्यालयांचं लक्ष जातं. विद्यार्थी जिथे शिकतो त्या संस्थेनं या विषयासाठी आपला एक शिक्षक नेमायचा आहे. त्यानं विद्यार्थ्याला सत्रभर मार्गदर्शन करायचं, प्रात्यक्षिकं आणि परीक्षा यांची सोय बघायची. म्हणजे व्याख्यान चेन्नईचं असलं तरी अडलं कुठे हे विचारणारा माणूस इथला, मराठीत बोलणारा. विद्यार्थी संघटनांनी, पालकांनी आणि विद्यापीठांच्या अधिसभा सदस्यांनी आपापल्या महाविद्यालयाचं वेळापत्रक मागवून बघावं. ‘स्वयम्’च्या विषयासमोर कुणाचं नाव लिहिलं आहे का, त्याला आठवड्याचे किती तास दिले आहेत, ते तास त्याच्या कार्यभारात धरले आहेत का आणि तो तासिका तत्त्वावर असेल तर त्याचे पैसे त्याला मिळतात का. शिवाय ज्यांनी नाव नोंदवलं आणि परीक्षेला आले नाहीत, त्यांची यादी त्या शिक्षकाकडे मागावी. नावं आणि फोन नंबर कार्यालयात असतातच. फोन करून विचारायला एक दुपार पुरते.